दिव्यदृष्टी

दिव्यदृष्टी : डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे, भिंतीआडचे, दूरदेशीचे किंवा अजून घडायचे असलेले पाहण्याची शक्ती. योगशास्त्रात ती सिद्धी म्हणून येते, पुराणकथांत वर म्हणून आणि आजच्या विज्ञान-अद्भुतिकेत नायकाची उपजत देणगी म्हणून. अशी शक्ती कुणापाशी असल्याचे काटेकोर चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. कथेत मात्र ती हजारो वर्षे नांदते आहे आणि तिथले तिचे नियम कडक आहेत.

मराठी घरांत दिव्यदृष्टी म्हटले की पहिला आठवतो तो महाभारतातला संजय, आंधळ्या धृतराष्ट्र राजाचा सारथी. भीष्मपर्वात व्यासांनी ही दृष्टी आधी धृतराष्ट्राला देऊ केली. आपल्याच कुळाचा संहार डोळ्यांनी पाहायचा नाही, ऐकायचा तेवढा ऐकेन, असे म्हणून त्याने ती नाकारली. मग ती संजयाला मिळाली. उघड-गुप्त, दिवसाचे-रात्रीचे, दुसऱ्याच्या मनातलेसुद्धा त्याला कळेल, असा तो वर होता. संजय महालात बसून चालू लढाईचे वर्णन करतो आहे, हे चित्र आपल्या मनात घट्ट बसले आहे. महाभारताचा क्रम वेगळा आहे. संजय रणभूमीवरून परततो, भीष्म पडल्याची बातमी आधी देतो आणि मग मागचे दहा दिवस सांगू लागतो. गीता धृतराष्ट्राच्या कानी पडते तेव्हा भीष्म शरशय्येवर आहेत. पुढे शल्यपर्वात पांडवांच्या बाजूचा सात्यकी संजयाला पकडतो, त्याचा वध करायला निघतो आणि व्यास ऐनवेळी येऊन त्याला सोडवतात. दुर्योधनाचा प्राण जातो त्याच दिवशी ही दृष्टी नाहीशी होते. संजय स्वतःच तसे सांगतो. काम संपले, देणे परत गेले. सगळे दिसत असूनही एक बाणसुद्धा त्याला अडवता आला नाही.

ज्ञानेश्वरांनी नेवाशाला १२९० मध्ये गीतेवर टीका सांगितली, तेव्हा या दृष्टीची दोन्ही अंगे त्यांनी मराठीत आणली. अकराव्या अध्यायात दिव्य चक्षू मिळालेला अर्जुन विश्वरूप पाहून हादरतो आणि पहिले रूपच बरे म्हणून विनवणी करतो. दुसरीकडे ऐकता-सांगता गहिवरून आलेला संजय आणि त्याच्यासमोर ढिम्म बसलेला धृतराष्ट्र आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील विभूतिपाद सूक्ष्म, आडचे आणि दूरचे जाणण्याची वाट सांगतो. पण त्याच पादात अशा सिद्धी समाधीतले अडथळे ठरवल्या आहेत.

लोककथेने याहून बोचरी अट घातली ती सहदेवावर. धाकट्या पांडवाला तिन्ही काळ दिसतात, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचे नाही, असे कृष्णाचे बंधन आहे. द्यूत, वनवास, युद्ध सारे त्याला ठाऊक. विचारणारा मात्र कुणी नाही. दिव्यदृष्टीवरच्या सगळ्या कथांत मला ही सर्वांत खोल वाटते. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीतला पॉल आट्रेडीस याच जातीचा आहे : आपल्या नावाने पेटणारे धर्मयुद्ध त्याला आधीच दिसते आणि टाळता येत नाही. जॉर्ज लुकासच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेत ‘फोर्स’ नावाच्या विश्वव्यापी शक्तीमुळे जेडाय योद्ध्यांना दूरचे आणि पुढचे दिसते. १९८० च्या चित्रपटात जेडाय होऊ पाहणाऱ्या ल्यूकला मित्रांचे हाल दिसतात. शिक्षण अर्धे टाकून तो धावतो आणि स्वतःचा हात गमावून बसतो. २००५ च्या चित्रपटातला जेडाय अनाकिन बायकोचा मृत्यू स्वप्नात पाहतो आणि तो टाळण्याच्या धडपडीतच त्या मृत्यूला कारण होतो. संजय-सहदेवांना दृष्टी मिळते ती साक्षीपुरती. अनाकिन तिच्या जोरावर मृत्यूलाच हुकूम देऊ पाहतो आणि तिथेच फसतो.

सहदेवाचे नाव महाराष्ट्रात शेतीशीही जोडले गेले. ‘सहदेव-भाडळी’ या नावाने पाऊसपाण्याचे आणि शकुनांचे आडाखे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. वारा, ढग, नक्षत्र, पशुपक्ष्यांची चाल यांच्या निरीक्षणाचा अंश त्यांत आहे, निव्वळ समजुतींचाही आहे. आज परभणी तालुक्यातल्या पिंगळीसारख्या गावातल्या शेतकऱ्यासाठी पावसाचा अंदाज आणि पीकसल्ला परभणीच्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून निघतो. हे विद्यापीठ १९७२ चे, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्याच साली उभे राहिलेले.

भविष्य दारोदार नेणारा पिंगळा हा भटक्या जोश्यांपैकी एक. उजाडण्याआधी तो कंदील आणि झोळी घेऊन, कुडमुडे नावाचे छोटे वाद्य वाजवीत वस्तीत शिरे. पिंगळा या छोट्या घुबडाची भाषा आपल्याला कळते आणि त्यावरून घरातल्यांचे पुढचे सांगता येते, हा त्याचा दावा. दावा खरा नाही. पण पहाटेच्या अंधारात गाणे, आशीर्वाद आणि सुपातले धान्य यांची जी देवघेव होई, ती केवळ फसवणूक म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे.

भविष्यकथनाची तपासणी मराठी वैज्ञानिकांनीच केली. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने पुण्यात चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून ज्योतिष्यांना त्या ओळखायला दिल्या. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही कमी. २०१३ मध्ये याच समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराचे दावे करून लोकांना लुबाडणाऱ्याला त्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि जमिनीतले पाणी सांगणारे पाणाडे यांचा सल्ला मात्र कायद्याबाहेर ठेवला आहे. ही सूट मला योग्य वाटते. गंडा घालणारा बाबा आणि पसाभर धान्यावर समाधान मानणारा कुडमुड्या जोशी यांना एका दावणीला बांधता येत नाही.

कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी या जमाती महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘जोशी’ या नोंदीखाली येतात. त्यांची मुले आता शाळेत जातात, आणि जायलाच हवीत. पण मग ही गाणी पुढे कुणी म्हणेलच असे नाही. म्हणून ज्यांच्या घरात वा शेजारात या गाण्यांचे आणि आडाख्यांचे जाणते अजून आहेत, त्यांनी ती त्यांच्याच आवाजात, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून ठेवावीत.