गहाण घरातील भाडेकरूचा हक्क

मालकाचे कर्ज थकून घर धनकोच्या हाती गेले, की ज्याने कर्ज काढलेच नाही त्या भाडेकरूवर घर सोडण्याची पाळी येते. अशा वेळी भाडेपट्टा गहाणापूर्वीचा की नंतरचा, हा प्रश्न निर्णायक ठरत आला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात १९२९ साली घातलेल्या ६५-अ कलमाने, गहाणखतात विपरीत अट नसल्यास, नंतरच्या पट्ट्यासही मान्यता दिली. मात्र घराच्या पट्ट्याची मुदत तीन वर्षांहून अधिक नसावी, असे बंधन घातले.

२००२ च्या सरफेसी अधिनियमाने बँकांना दावा न लावता ताबा घेण्याचा अधिकार दिला. भाडेकरूचे म्हणणे कोणी ऐकावे, हे मात्र त्यात स्पष्ट नव्हते. दंडाधिकाऱ्याने त्यास नोटीस देऊन ऐकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात, भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण या अधिनियमाने लोपत नाही, असा निर्णय झाला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भाडेकरूस कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली.

तथापि २०१९ च्या निर्णयाने पुराव्याची आवश्यकता पुन्हा ठळक केली. तोंडी करारावर राहणाऱ्याजवळ भाडेपावतीसारखा पुरावा नसेल, तर असलेला हक्कही सिद्ध होत नाही.