ओम्नीतला लाल सिलिंडर

१९९०च्या दशकाच्या अखेरीस आमच्या मोहल्ल्यात मारुती ओम्नी शिरली की आधी गॅसचा वास यायचा, मग गाडी दिसायची. मागे स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर आडवा बांधलेला. त्याला टेकून आम्ही पोरं लग्नाला, दवाखान्यात, ईदला नातेवाइकांकडे जात असू.

हे काम गॅरेजवाले चाचा एका दुपारीत उरकायचे. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. घरगुती गॅस सरकारी अनुदानाचा, पेट्रोल महाग. भाड्याच्या गाडीवर घर चालवणारा दुसरं काय करणार? आणि चाचांना इंजिन चांगलं कळायचं. घोळ टाकीचा होता. चुलीला सिलिंडरमधली वरची वाफ लागते. गाडीच्या किटला मात्र द्रवरूप गॅस लागतो, त्याची वाफ इंजिनच्या गरम पाण्यावर होते. म्हणून सिलिंडर आडवा नाहीतर उलटा. गाडीसाठी बनवलेली टाकी ८० टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवते, इंजिन बंद होताच गॅस तोडते, गळती झालीच तर नळीवाटे गाडीबाहेर सोडते. लाल सिलिंडरात यातलं काहीच नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की गाडीच्या तळाशी, आमच्या पायांपाशी साचणार.

इटलीत लांडी रेन्झो ही कंपनी १९५४ पासून अशी किट बनवत होती. आपल्याकडे गॅसवर गाडी चालवायची मुभा मिळाली २००० साली, मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने. आता मान्यताप्राप्त किट, अधिकृत सेंटर, आरसी बुकात नोंद. २००६ मध्ये तर वॅगनआर ड्युओ कारखान्यातूनच गॅसवर आली. कायदा योग्यच होता, पण उशिरा आला. चाचांसारख्यांना प्रशिक्षण द्यावं असं कुणाला सुचलं नाही. कालचा मिस्त्री एका रात्रीत गुन्हेगार ठरला. गंमत म्हणजे आमच्याकडे ऑटो गॅसचा पंपच नव्हता. अधिकृत टाकीसुद्धा लाल सिलिंडरातूनच, मोटर लावून, बंद खोलीत भरली जायची. अशा अड्ड्यांवरच्या छाप्यांच्या बातम्या अजून येतात.

शाळेच्या गाडीला मात्र चाचांनी कधीच सिलिंडर बसवला नाही. दुप्पट पैसे देतो म्हणणाऱ्यालाही परत पाठवलं. मी कारण विचारलं, तर हात पुसत म्हणाले, “मैं तो बराबर लगा देतूं बेटा. पन बाद में कौन भरता, कैसा भरता, मेरे कू क्या मालूम?”