कर्नलमधल्या लिफ्टची कुळकथा

लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडमध्ये 'एलिव्हेटर.सी' नावाची फाइल आहे. एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट; इथे डिस्ककडे आलेल्या मागण्यांचा क्रम लावणारा भाग, म्हणजेच शेड्युलर. माथ्यावर आंद्रेआ आर्कांजेली यांचा २००० सालचा कॉपीराइट, आणि खाली येन्स आक्सबो यांची ३० एप्रिल २०००ची टीप : एलिव्हेटर थोडा सुटा केलाय, आता दुसरा निवडता येईल किंवा नवा लिहून जोडता येईल. स्टोरेज वेगवान करण्याची बरीच खटपट या फाइलभोवती झाली.

या लिफ्टचं मूळ मात्र १९५६पर्यंत जातं. आयबीएमच्या रॅमॅकमध्ये २४ इंची ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असत आणि वाचणारं-लिहिणारं हेड बसवलेला हात हव्या त्या तबकडीपाशी खरोखरच वर-खाली जाई. हवी ती नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. पुढे प्रत्येक पृष्ठाला स्वतःचं हेड मिळालं. वर-खाली जाणं संपलं, आत-बाहेर सरकणं उरलं. मागण्या आल्या त्याच क्रमाने पुरवायच्या तर सगळा वेळ या ये-जा करण्यातच जातो. जवळची मागणी आधी घ्यायची तर टोकाची ताटकळते. म्हणून एका दिशेने जाताना वाटेतल्या सगळ्या मागण्या उरकायच्या आणि मग उलट फिरायचं, ही लिफ्टची रीत रुळली. पीटर डेनिंग यांनी १९६७ साली या पद्धतींचं गणिती विश्लेषण केलं.

या घराण्यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना २००१ची, राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर द्रुशेल यांची. एखादा प्रोग्रॅम डिस्कवरचा एक तुकडा वाचतो, क्षणभर त्यावर काम करतो आणि लगेच शेजारचा तुकडा मागतो. पण त्या क्षणात रांगेत त्याचं काहीच नसतं, म्हणून हेड दुसऱ्याच्या कामासाठी दूर निघून जातं आणि लगेच परत यावं लागतं. दोघांनी सुचवलं : रांगेत काम असलं तरी काही मिलिसेकंद हेड तिथेच थांबू द्या. दूरच्या फेरीपेक्षा ही वाट पाहणं स्वस्त पडतं. हातात काम असताना मुद्दाम स्वस्थ बसून यंत्र वेगवान करण्याचं धाडस त्यांनी केलं, आणि लिनक्स २.६ने ते स्वीकारलं.

मग एसएसडी आली. तिच्यात सरकणारं हेडच नाही. क्रम लावण्याचा बहुतेक फायदा तिथेच संपला. उलट रांगच आडवी येऊ लागली. प्रोसेसरच्या साऱ्या कोअरना एकाच रांगेत मागणी टाकायची आणि त्यासाठी एकच लॉक मिळवायचं, त्यामुळे कोअर वाढवले की ओढाताणही वाढे. २०१३ साली मतियास ब्यॉर्लिंग, आक्सबो आणि सहकाऱ्यांनी ही कोंडी मोजून दाखवली आणि तोडगा दिला : प्रत्येक कोअरला स्वतःची रांग, आणि तिथून हार्डवेअरच्या रांगांकडे वाट. एसएसडीसाठीच घडवलेल्या एनव्हीएमई मानकात अशा सुमारे ६४ हजार रांगांची सोय आहे. आधीच्या एएचसीआय मानकात एकच, ३२ मागण्यांची.

ही रचना 'बीएलके-एमक्यू' नावाने ३.१३ आवृत्तीत, २०१४च्या जानेवारीत आली. ड्रायव्हर एकेक करून तिच्यावर न्यायला पाच वर्षं गेली. २०१९च्या मार्चमधल्या ५.० आवृत्तीत जुनी एकरांगी वाट काढून टाकली. आता एनव्हीएमई डिस्क जोडली की कर्नल सहसा शेड्युलर 'नन', म्हणजे कुठलाच नाही, असा ठेवतो. फिरत्या तबकडीच्या साध्या डिस्कला मात्र 'एमक्यू-डेडलाइन' मिळतो.