पोटांतलें दुखणें आणि लोकांची वर्गणी

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देणगीदारांची नामावलि छापण्याची चाल जुनी आहे. घंटा कोणी दिली, वेदीचा संगमरवर कोणाच्या पैशांनीं आला, शाळेच्या छपरास किती खर्च लागला, ह्याचा हिशेब त्यांत पै-पैसह मिळतो. परंतु स्त्रियांच्या ज्या दुखण्यांविषयीं घरांत उघड बोलणेंहि अवघड, त्यांच्यासाठीं लोकांनीं केव्हां व कशी वर्गणी केली, हा इतिहास फारसा कोणी लिहीत नाहीं. त्यांतहि अंडाशयाच्या कर्करोगाचें प्रकरण सर्वांत मूक. तें आम्हीं येथें परभणी जिल्ह्यांतील पिंगळी गांव डोळ्यांसमोर ठेवून मांडीत आहों; कारण मोठ्या शहरांतील दानशूरांची कथा वाचून सुखावणें सोपें असतें, पण तो पैसा अखेर कोणाच्या दारापर्यंत पोहोंचावयाचा, हें ध्यानांत असलें म्हणजे त्या कथेचें मोल नीट करतां येतें.

पिंगळी हें परभणी आणि पूर्णा ह्यांच्यामधलें लहानसें रेल्वे स्टेशन. भोंवतीं काळी जमीन. ज्वारी, कापूस, अलीकडे सोयाबीन. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. मुंबई त्या काळीं परक्या अमलांतली, आणि लांब. अरुंद मार्गाच्या गाडीनें मनमाडास जावें, तेथें मोठ्या गाडींत बसावें, तेव्हां कुठें मुंबई दिसे. पोटाच्या विकारासाठीं एखाद्या शेतकऱ्याच्या बायकोनें एवढा प्रवास करावा, हें कोणाच्या मनांतहि येत नसे.

शिवाय विकार ओळखावयाचा कसा? अंडाशय म्हणजे बदामाएवढे दोन लहान अवयव, ओटीपोटांत खोल दडलेले. तेथें गांठ वाढूं लागली तरी बराच काळ ठणका नाहीं कीं रक्तस्राव नाहीं. पोट फुगल्यासारखें वाटतें, दोन घास खाल्ले कीं पुरे होतें, ओटीपोटांत किंवा कंबरेंत दुखतें, लघवीस वरचेवर जावें लागतें. एवढींच काय तीं चिन्हें. हीं कोणत्या बाईला होत नाहींत? उपास, उन्हांतली खुरपणी, शिळी भाकर, लागोपाठचीं बाळंतपणें, ह्यांतील कशावरहि बोल ठेवतां येतो. पिढ्यान् पिढ्या ह्या सगळ्यास 'वायगोळा' हें एकच नांव पुरत आलें. आणि पुढें पोटांत पाणी भरलें म्हणजे 'जलोदर'. ह्या दोन शब्दांखालीं किती कर्करोग निमूट गेले असतील, ह्याची गणती कोणी केली नाहीं व आतां करतांहि येणार नाहीं.

ह्या रोगाच्या शस्त्रक्रियेचा आरंभ पाहावयास आपणांस फार दूर, अमेरिकेंत जावें लागतें. १८०९ सालच्या डिसेंबरांत, केंटकी प्रांतांतील डॅनव्हिल गावीं, इफ्रेम मॅक्डॉवेल नांवाच्या शल्यवैद्यानें जेन टॉड क्रॉफर्ड ह्या बाईच्या अंडाशयाची गांठ काढली. बाई सुमारें साठ मैल घोड्यावर बसून आली होती. भूल देण्याची विद्या तेव्हां निघाली नव्हती. ती आणखी सदतीस वर्षांनीं यावयाची होती. शस्त्रक्रिया चालूं असतां बाई स्तोत्रें म्हणत होती, असें सांगतात. गांठ दहा किलोंच्या सुमारास भरली. सुमारें पंचवीस दिवसांनीं ती घोड्यावरूनच घरीं परतली आणि पुढें बत्तीस वर्षें जगली. ती गांठ कर्करोगाची नसावी, असेंच ह्या दीर्घायुष्यावरून दिसतें. तथापि पोट उघडूनहि माणूस जगतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

आमच्याकडे मात्र प्रश्न शस्त्राच्या अगोदरचा होता. पुरुष वैद्यास पोट दाखविणें म्हणजे अब्रूची गोष्ट. तेव्हां शस्त्र असून उपयोग काय? १८८२-८३ च्या सुमारास मुंबईंत जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी गृहस्थ ह्यांनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठीं निधि उभारला. निरनिराळ्या धर्मांच्या नागरिकांनीं त्यास वर्गणी दिली. ह्या पैशांतून विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणावयाची, तिच्या वेतनाची हमी द्यावयाची, असा बेत होता. त्याप्रमाणें १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पीची मुंबईस आल्या. एडिंबरो येथें वैद्यकीय शिक्षणाचा हक्क मिळविण्यासाठीं ज्या सात स्त्रिया झगडल्या, त्यांपैकीं ह्या एक. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांच्या मोठ्या देणगीनें बांधलेलें, स्त्रियांसाठीं असून स्त्रियाच चालविणार असें कामा रुग्णालय १८८६ मध्यें उघडलें. पुढें डॉ. रखमाबाईंच्या विलायतेंतील शिक्षणासाठींहि हितचिंतकांनीं निधि जमविला, आणि त्यांत पीचीबाईंचें साह्य होतें.

ह्या प्रकरणांत आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटतें तें असें कीं, स्त्रियांच्या आरोग्यासाठीं मुंबईकरांनीं दिलेल्या वर्गणीचा पहिला पैसा जिच्यापाशीं संकोच सोडून बोलतां येईल अशा एका बाईच्या पगारासाठीं गेला. इमारत मागाहून आली. पुढच्या काळांत हा क्रम बहुधा उलटा झाला. इमारतीवर नांव कोरतां येतें, यंत्रावर पाटी लावतां येते. बोलण्यावर कसली पाटी लावणार?

कर्करोगापुरतें पाहिलें तर मुख्य टप्पा १९४१ चा. मेहेरबाई टाटा १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पतीनें, सर दोराबजींनीं, दुसऱ्याच वर्षीं इहलोक सोडला. टाटांच्या विश्वस्तनिधीनें परळ येथें बांधलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९५७ मध्यें तें केंद्र सरकारच्या आरोग्यखात्याकडे व १९६२ मध्यें अणुशक्तिखात्याकडे गेलें. लोकांत जागृति करण्यासाठीं इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ मध्यें डॉ. जस्सावाला व नवल टाटा ह्यांच्या पुढाकारानें निघाली.

परंतु रुग्णालय झालें म्हणून पिंगळीच्या बाईचें भागलें असें नाहीं. शस्त्रक्रियेनंतर औषधोपचाराच्या फेऱ्या महिनोन् महिने चालतात. बरोबर नवरा किंवा मुलगा हवा. त्याची मजुरी बुडते. मुंबईंत उतरावें कोठें? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं दिलें, त्यांचीं नांवें आम्हांस मोठ्या देणगीदारांच्या बरोबरीनें घ्यावींशीं वाटतात. खापराचें गाडगें व खराटा घेऊन गांवोगांव कीर्तनें करणाऱ्या गाडगे महाराजांनीं (१८७६-१९५६) आयुष्यभर धर्मशाळाच बांधल्या. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज कर्करोग्यांचा व त्यांच्या सोबत्यांचा मोठा आधार आहे. मराठवाड्यांतील किती घरांस तिचा पत्ता पाठ असेल! टाटा रुग्णालयाचे गोमंतकीय शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जेस १९६९ मध्यें वारले. रुग्णालयापुढील रस्ता त्यांच्या नांवाचा आहे, आणि वांद्र्यास त्यांच्या नांवानें रुग्णांचें वसतिगृह आहे. त्याच वांद्र्यांत, माउंट मेरीच्या टेकडीवर, डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनीं १९८६ मध्यें 'शांति आवेदना सदन' सुरू केलें. ज्यांचा रोग आतां हटणार नाहीं अशांची विनामूल्य शुश्रूषा करणारें हें भारतांतील पहिलें गृह. अंडाशयाच्या कर्करोगाचें निदान बहुतेक वेळां रोग पोटभर पसरल्यावर होतें, म्हणून अशा गृहाचें महत्त्व ह्या रोगाच्या बाबतींत अधिक.

आतां आपल्या मराठवाड्याकडे येऊं. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें नर्गिस दत्त ह्यांच्या नांवें कर्करोग-रुग्णालय आहे. त्या अभिनेत्री १९८१ मध्यें कर्करोगानेंच वारल्या. बार्शीस १९८७ मध्यें देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तेथील डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, टाटा रुग्णालय व आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साह्यानें, शेजारच्या उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांत १९९९ पासून मोठा प्रयोग केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गांवांचे ५२ गट. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या रीतीनें करावी, हा प्रश्न होता. २००९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: विषाणूची एकदांच केलेली तपासणीसुद्धां त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. ज्या गटाची तपासणीच केली नाहीं त्यांतील स्त्रियांचें काय, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला, आणि तो आम्हांस अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. पण खेड्यांतील बाई ह्या विषयावर बोलणारच नाहीं, ही समजूत त्या जिल्ह्यानें खोटी पाडली. आरोग्यसेविका घरोघर गेल्या, समजावून सांगितलें, आणि हजारों स्त्रिया तपासणीस आल्या.

येथें एक गल्लत टाळली पाहिजे. गर्भाशयाचें मुख तपासलें म्हणजे अंडाशयहि तपासलें गेलें, असें पुष्कळ जणी समजतात. तसें नाहीं. अंडाशयाच्या कर्करोगासाठीं, धडधाकट स्त्रियांस सरसकट लावावी व जीव वाचावे, अशी चाचणी अजून सांपडलेली नाहीं. सीए-१२५ नांवाचा रक्तांतील पदार्थ १९८१ मध्यें सांपडला, तेव्हां मोठी आशा उत्पन्न झाली होती. ब्रिटनमध्यें दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर ह्या चाचणीचा व सोनोग्राफीचा प्रयोग २००१ पासून झाला. २०२१ मध्यें निकाल लागला कीं, त्यायोगें मृत्यू घटले नाहींत. म्हणून 'तपासणी शिबिर' भरवून सर्वांचें रक्त घेण्यासाठीं कोणी वर्गणी मागूं लागला, तर आपण विचारपूर्वक नाहीं म्हणावें. संशय असतां हीच चाचणी उपयोगी आहे. संशय नसतां ती केवळ खर्च व धास्ती.

मग पैसा खर्चावा कशावर? पन्नाशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या बाईला वर सांगितलेलीं चिन्हें नव्यानें सुरू झालीं आणि महिन्यांतून बाराहून अधिक वेळां होऊं लागलीं, तर वायगोळा न म्हणतां सोनोग्राफी करावी, एवढें एक वाक्य गांवांतील प्रत्येक चुलीपर्यंत नेण्यावर. आणि गांठ दिसलीच, तर जवळच्या कोणा डॉक्टराकडून ती घाईनें फोडून वा अर्धीमुर्धी काढून न घेतां कर्करोगाच्या शल्यवैद्यापर्यंत पोहोंचण्यावर. पिंगळीहून तो आतां पूर्वीइतका दूर नाहीं. मार्ग रुंद झाला. परभणीस देवगिरी, नंदीग्राम, तपोवन ह्या मुंबईच्या गाड्या मिळतात. औरंगाबादेस (आतां छत्रपति संभाजीनगर) २०१२ मध्यें सरकारी कर्करोग-रुग्णालय झालें. महात्मा फुले जनआरोग्य योजनेंत शस्त्रक्रिया व औषधोपचार बसतात. उरतात तीं बुडालेली मजुरी, मुक्काम, पुनःपुन्हा जाणें-येणें. बायकांच्या बचत गटांतून, भिशींतून हें भागविणें अशक्य नाहीं. अंताजी दामोदर काळे ह्यांच्या पैसा फंडांतून १९०८ मध्यें तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला, तो माणशीं एकेक पैशावर.

८ मे हा दिवस २०१३ पासून जगभर ह्या रोगाच्या जागृतीसाठीं पाळला जातो. त्याची खूण मोरपंखी रंगाची फीत. हा दिवस आमच्याकडे उन्हाळ्यांत येतो. पेरणीस महिनाभर अवकाश असतो, लग्नसराईनें माहेरवाशिणी आलेल्या असतात. हा रोग कांहीं घराण्यांत स्तनाच्या कर्करोगाबरोबर रक्तांतून उतरतो; त्याचीं दोन बीजें १९९४-९५ मध्यें ओळखलीं गेलीं, आणि तीं आईकडून तशींच बापाकडूनहि येतात. आजी कशानें गेली, कोणत्या मावशीच्या पोटांत पाणी झालें होतें, थोरल्या आत्याच्या छातींत गांठ होती काय, हें विचारावयास इतक्या जणी एका ओसरीवर दुसऱ्या कोणत्या महिन्यांत क्वचितच बसतात.