सूर्यास्त, दिवा आणि कामकरी माणूस

विजेच्या तारेवाचून घर चालविता येईल काय, हा प्रश्न बहुधा काटकसरीचा म्हणून विचारला जातो. आम्हां कामगार चळवळीतील माणसांना मात्र त्यात एक जुना झगडा दिसतो. दिवस कोठे संपावा, हे कोणी ठरवायचे, हा तो झगडा होय.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्ताला थांबावे. रविवार 1890 साली मिळाला. सूर्यास्त मात्र हातचा गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि 1905 च्या सुमारास, कापडाला तेजी येताच, पाळी चौदा तासांच्याही पुढे गेली. अंधाराने आपोआप घातलेली मर्यादा पुन्हा घालावयास 1911 चा कायदा लागला. आणि त्यानेही पुरुष कामगारांना दिले ते बाराच तास.

म्हणून आम्ही विजेचे वैरी झालो, असे नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरीच्या धरणाखाली पुढे वीजघर झाले, याचा अभिमान कोणा कोल्हापूरकराला नाही? ज्याच्या घरी दिवाच नाही, त्याला साधेपणाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. नाइलाजाचा अंधार निराळा आणि निवडलेला अंधार निराळा.

निवडीचे उदाहरण पुण्यात घडले. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. हेमा साने गरवारे महाविद्यालयात शिकवीत आणि बुधवार पेठेतील जुन्या घरात विजेवाचून राहत. तेथेच त्यांनी वनस्पतींवर ग्रंथ लिहिले. 2025 साली त्या निवर्तल्या. ज्ञानाला दिवा लागतोच; परंतु बटणांची रांग लागतेच असे नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, राहून दाखविले.

इतके सर्वांना साधणार नाही, साधावे असेही नाही. पण हिशेब सर्वांना करता येतो. साठ वॅटचे तीन जुने दिवे रोज पाच तास जळले, तर महिन्याला सत्तावीस युनिटे होतात. जवळपास तेवढाच उजेड देणारे नऊ वॅटचे तीन एलईडी दिवे तेवढाच वेळ लावले, तर चारच. छपरावर सौर तावदान बसविण्याआधी हा खर्च कमी केला, तर लहान तावदान व लहान बॅटरी पुरते. आधी तावदान घेऊन मग गरजा वाढविल्या, तर मोठेही अपुरे पडते.

कामाचे तास मर्यादित करण्यासाठी कामगारांना संघटना करावी लागली. घरातील दिव्यांचे तास मर्यादित करावयास घरच्या मंडळींची एक बैठक पुरेल.