आत्याचा आड

परवा धारवाडला आत्याकडे गेलो होतो. आत्येभावाची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. दोन महिन्यांचे बाळ, वरच्या दुधावर. नळाला पाणी नव्हते, म्हणून आत्या परसातल्या आडाचे पाणी उकळून दुधाची पावडर कालवत होती. आत्येभावाने मागे हे पाणी तपासून घेतले होते. अहवालात बाकी सारे ठीक होते, पण नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त. आत्या म्हणाली, "उकळतेच आहे ना मी!"

खरी अडचण तिथेच आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाने निळी पडलेली तान्ही बाळे पाहिली आणि हा संबंध जगापुढे मांडला. रक्तच प्राणवायू वाहून नेईनासे होते.

याच आडाचे पाणी लहानपणी आम्ही थेट पोहऱ्यातून प्यायलो. मग ते बिघडले कसे?

धारवाडात केलगेरीचा तलाव 1911 चा. तेव्हा घरोघरी आड होते आणि लोक ते जपत, कारण प्यायचे तेच होते. पुढे पन्नाशीच्या दशकात कलघटगीच्या बाजूला नीरसागर धरण झाले, नंतर सौंदत्तीजवळून मलप्रभेचे पाणी आले. 1962 मध्ये हुबळी-धारवाडची एक महानगरपालिका झाली, वस्ती वाढत गेली. नळ आला आणि आड मागे पडला. त्याच्या शेजारी शौचालयाचे खड्डे आले, गटारे आली. मैल्यातले नायट्रोजन झिरपत खाली गेले. आजूबाजूच्या शेतांतली खतेही होतीच. 2008 साली काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले; बाकीच्यांच्या नशिबी काही दिवसांआडचा नळ राहिला. मधल्या दिवसांत माणसे पुन्हा त्याच आडाकडे आणि बोअरवेलकडे वळली.

आता याच जुळ्या शहरांच्या तहानेसाठी मलप्रभेत म्हादईचे पाणी मागितले जाते. 2018 मध्ये लवादाने कळसा-भांडुरासाठी 3.9 टीएमसी दिले. वाद कोर्टात आहे. गोवेकर म्हणून माझे मन म्हादईच्या बाजूने आहे, हे लपवत नाही. पण परत येताना मला माझ्याच घरची बांय आठवली. सेप्टिक टँक तिच्यापासून किती पावलांवर आहे, हे मी कधी मोजलेच नव्हते. नळ आल्यापासून आम्हीही तिच्यात डोकावलेलो नाही.

दूरच्या नदीसाठी भांडणारे आपण सगळेच, पायाखालचे पाणी मात्र न भांडता घालवून बसलो.

निघताना आत्याला विकतच्या पाण्याचा मोठा कॅन आणून दिला. म्हटले, "बाळापुरते तरी हेच वापर."

तिने कॅनकडे पाहिले, मग आडाकडे. म्हणाली, "तुझा बाप याच पाण्यावर वाढला रे."