कंपायलरचे भाषामानक आणि बिल्डमधील बिघाड

सी व सी++ यांची आयएसओ मानके काही वर्षांनी बदलतात. कंपायलर कोणते मानक धरून चालतो, त्यावर तोच कोड बिल्ड होणार की अडणार हे ठरते.

महाराष्ट्रात जुन्या-नव्याची ही गाठ टर्बो सी++मुळे ठळक दिसते. बोर्लँडचा हा १९९०च्या दशकारंभीचा कंपायलर कॉलेजांच्या लॅबमध्ये पुढेही कित्येक वर्षे टिकला. लालबाग-परळच्या एखाद्या विद्यार्थ्याने जर्नलमधला त्यावरचा प्रोग्रॅम आजच्या जीसीसी कंपायलरला दिला, तर ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ ही फाइलच सापडत नाही. ती ओळ सुधारली की ‘व्हॉइड मेन’ नाकारले जाते. ‘फॉर’मध्ये जाहीर केलेला ‘आय’ लूपबाहेर वापरला असेल, तर तिथेही एरर येतो. इथे सेटिंग बदलून काहीच साधत नाही. सी++चे पहिले मानक १९९८चे, टर्बो त्याआधीचा, आणि जीसीसीत त्यामागे जाणारा पर्याय नाही. कोडच सुधारावा लागतो. यात विद्यार्थ्याला दोष देणे अन्यायाचे आहे. त्याला शिकवले तसेच त्याने लिहिलेले असते.

सेटिंगमुळे होणारा बिघाड निराळा. काही न सांगता जीसीसी जे सी++ मानक धरतो, ते आवृत्ती ६मध्ये (२०१६) ९८वरून १४वर आणि आवृत्ती ११मध्ये (२०२१) १७वर गेले. त्यामुळे फंक्शनपुढे ‘थ्रो’च्या कंसात अपवादाचा प्रकार लिहिलेला जुना कोड, एक अक्षरही न बदलता, अडू लागला. सीमध्ये आवृत्ती १५ने (२०२५) सी२३ धरले. आता फंक्शनचे रिकामे कंस म्हणजे ‘एकही आर्ग्युमेंट नाही’, आणि स्वतः टाइपडेफ केलेला ‘बूल’ चालत नाही.

शोध पहिल्या एररपासून घ्यावा. खालचे बरेचसे त्याच्याच पोटातले असतात. मग मेकला ‘व्हर्बोज’ सांगून कंपायलरला प्रत्यक्ष गेलेली कमांड वाचावी. तिच्यात मानक ठरवणारा ‘एसटीडी’ पर्याय दोनदा आला असेल तर शेवटचा लागू होतो, आणि बिघाड पुष्कळदा इथेच सापडतो. सीमेकमध्ये मानक ‘रिक्वायर्ड’ केले नसेल, तर कंपायलरला न झेपणाऱ्या मानकाऐवजी खालचे मानक मुकाट्याने घेतले जाते. खात्रीसाठी ‘सीप्लसप्लस’ या मॅक्रोची किंमत छापावी: २०११०३ म्हणजे सी++११, २०१७०३ म्हणजे सी++१७.

जुने मानक पक्के करायचे तर ते त्या जुन्या कोडपुरतेच ठेवावे. साऱ्या प्रकल्पाला लावले, तर किमान सी++१७ मागणाऱ्या गूगलटेस्टच्या अलीकडच्या आवृत्त्यांसारख्या लायब्रऱ्या अडतात.